३० सप्टेंबरला शाळेत काय करावं? (किल्लारी भूकंप)

तेरणाकाठ:
नमस्कार मंडळी. मी लोहारा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात प्राथमिक शाळेवर शिकवते. सासरही इथलंच. दरवर्षी ३० सप्टेंबरला आमच्याकडं ठरलेलं असतं. परिपाठाला दोन मिनिटं मौन, मग कुणीतरी पाहुणे, मग आपत्ती व्यवस्थापनावर निबंध. यंदा वरून निरोप आला की काहीतरी वेगळं करा आणि फोटो पाठवा. म्हणून सहकाऱ्यांनी नाटिका काढलीय. चौथीची पोरं पुठ्ठ्याच्या दगडांखाली झोपणार, एक मुलगी आई होऊन हंबरडा फोडणार, मागे स्पीकरवर गडगडाट.

ऐकूनच पोटात गोळा आला. समोर सतरंजीवर ज्या आज्या बसतील त्यांच्यातल्या दोघीतिघींची लेकरं खरंच तशी गेलीत.

पोरांना मौनात हसू फुटतं, त्याचा मला राग नाही. त्यांच्या लेखी १९९३ आणि निजामाचा काळ सारखाच जुना. पण घरात बघते तेव्हा वेगळंच दिसतं. आमच्या सासूबाई तारीख पाळतच नाहीत, तिथी पाळतात. भूकंप झाला तो गणपती बुडवून आल्यावर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. म्हणून अनंत चतुर्दशीच्या रात्री त्या सरकारी घराच्या आत झोपत नाहीत, अंगणातल्या पत्र्याच्या शेडात बाज टाकतात. चार वाजून गेले की उठायचं, चूल पेटवायची, चहा ठेवायचा. बोलणं काही नाही. ३० तारखेला शाळेतून बोलावणं गेलं की म्हणतात, "तुमचं चालू द्या बाई, मला रानात काम हाय."

माझा प्रश्न साधा आहे. नाटिका मी काहीतरी करून थांबवीन, पण तिच्या जागी काय ठेवू?

बिनधास्त_लातूर:
काहीच ठेवू नका. तीस वर्षं होऊन गेली, किती उगाळायचं? पोरांना सुट्टी द्या. पुढाऱ्यांना हार घालायला एक स्तंभ आहे तेवढा पुरे.

जुना_एनएसएसवाला:
ताई, मी तेव्हा सोलापुरात कॉलेजला होतो. बातमी आली तशी आमची पोरं ट्रकमध्ये बसून निघाली. उत्साह दांडगा, अक्कल शून्य. बरोबर काय, तर ब्रेडचे पुडे आणि जुन्या कपड्यांची गाठोडी. उमरग्याच्या पुढं रस्त्यात गाड्याच गाड्या. त्यातल्या निम्म्या मदतीच्या, निम्म्या बघ्यांच्या. लोक बायकापोरं घेऊन भूकंप बघायला आले होते हो, जत्रेला यावं तसे. पोलिसांनी ढिगाऱ्यावरचं काम बघायचं का ही गर्दी हाकायची?

एक म्हातारा माझ्या लक्षात आहे. मी ब्रेड पुढं केला. त्यानं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "पहार हाय का?" आमच्या अख्ख्या ट्रकमध्ये एक पहार नव्हती. टिकाव नव्हता, कंदील नव्हता. मग हातानं दगड काढले. वरून पाऊस, माळवदाच्या मातीचा नुसता राडा. प्रेतं इतकी की लाकूड पुरेना. मग पडलेल्या घरांच्याच तुळया आणि खांब काढून सरणं रचली. जुनं सागवान. ज्या आढ्याखाली माणूस जन्मला त्याच आढ्यावर त्याला ठेवला. हे मी घरी कधी बोललो नाही, इथं लिहितोय.

आम्ही नेलेले कपडे पुढं रस्त्याकडेला भिजत पडले. तिथल्या बायकांनी हात लावला नाही. बरोबरच केलं. घर पडलं म्हणून कुणी भिकारी होत नाही.

तर सल्ला असा की त्या रात्रीबद्दल आज्यांना काही विचारू नका. गावाबद्दल विचारा. जुन्या गावात वेस कुठं होती, कुणाच्या ओट्यावर भजन बसायचं, आडाचं पाणी गोडं का मचूळ. बघा कसं भडाभडा बोलतात.

गवंडीकाम_धाराशिव:
वरच्या काकांना रामराम. मी स्थापत्य अभियंता, पण गवंड्याचाच पोरगा, म्हणून हे नाव.

@बिनधास्त, उगाळायचं नसेल तर निदान शिकायचं की. भूकंप ६.२ चा. जगात एवढ्या भूकंपात बऱ्याच ठिकाणी इतकी माणसं मरत नाहीत. इथं सरकारी हिशोबानंच ८ हजारांच्या आसपास गेली. माणसं भूकंपानं मेली म्हणण्यापेक्षा भिंतींनी मेली. दोन-तीन फूट जाडीची भिंत, आतून एक थर, बाहेरून एक थर, मधे गोटे आणि चिखल. दोन्ही थर धरून ठेवील असा आरपार लांब दगड कुठं नाही. वर माळवद, दरसाल पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती. हलल्यावर भिंत फुगली, सुटली आणि ते ओझं झोपलेल्या माणसावर आलं. कितीतरी घरांत लाकडी सांगाडा उभाच राहिला, पडल्या त्या फक्त भिंती. आणि गावाबाहेर कुडाच्या झोपड्यांत राहणारी गरीब माणसं त्या मानानं वाचली. वाडा असणं हीच मोठेपणाची खूण होती, तिनंच घात केला. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आधल्या वर्षी, १९९२ ला, किल्लारीत धक्के बसले होते तरी.

आता कामाचं. पोरांना एका पाटावर खडे आणि चिखलाची वीतभर भिंत बांधायला लावा, दोन थरांची. दुसऱ्या पाटावर तशीच, पण मधेमधे आरपार काड्या घालून आणि वरून सुतळीचा पट्टा आवळून. दोन्हींवर सारखीच माती टाका आणि पाट हलवा. चौथीच्या पोराला भाषणाची गरज उरत नाही. फोटोही चांगला येतो, वरच्यांचं समाधान.

मावशीकडचा:
मी सहा वर्षांचा होतो. आई, वडील, धाकटी बहीण तिघंही गेले. उमरग्याला मावशीकडं वाढलो. शाळेत दर ३० सप्टेंबरला मला पुढं उभं करायचे, "हा आपला भूकंपग्रस्त विद्यार्थी." पाहुणे डोक्यावरून हात फिरवायचे, कंपास द्यायचे. माझ्याकडं अशा कंपासपेट्या साठल्या होत्या. मॅडम, एवढंच सांगतो. तुमच्या वर्गात ज्याच्या घरची माणसं गेलीत त्याचं नाव माईकवर घेऊ नका. त्याला बाकीच्यांसारखा चिखल कालवू द्या.

बाकी तुमच्या सासूबाईंच्या बाजेबद्दल वाचलं. आमची मावशी उशाशी बॅटरी घेऊन झोपते अजून. विझवून बघते, लावून बघते, मग डोळा लागतो.

तेरणाकाठ:
सगळ्यांचे आभार. @मावशीकडचा, दादा, तुमचं लिहिणं मुख्याध्यापकांना जसंच्या तसं दाखवलं, नाव न सांगता. नाटिका रद्द. ते काही बोलले नाहीत, पुठ्ठे तेवढे कपाटावर टाकून दिले.

@काका, तुमचं ऐकून सासूबाईंना जुन्या गावाचं विचारलं. भाकरी थापता थापता सुरू झाल्या. वेशीजवळचा पिंपळ, सोनाराचा बोळ, त्यांच्या वाड्याचे किती खण. पुढं बरंच आलं जे पोरांसमोर बोलण्यासारखं नाही, कुणाची विहीर कुणाला बंद होती ते. नव्या गावात रस्ते रुंद झाले आणि जमिनीच्या हिशोबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली, त्यावरही त्यांचं मत आहे आणि ते तिखट आहे. तरी शाळेत यायला नाहीच म्हणाल्या. मी आग्रह केला नाही.

पाहुणी मात्र ठरली. २००१ ला भूजचा भूकंप झाल्यावर आपल्या भागातल्या बचत गटांच्या बाया कच्छला गेल्या होत्या, आठवतं का? घर बांधून घेताना कुठं लक्ष ठेवायचं, गवंड्याला काय विचारायचं, हे तिथल्या बायांना सांगायला. त्यातल्या एक शेजारच्या गावात राहतात. भाषण येत नाही म्हणाल्या, पण पोरांबरोबर भिंत बांधते म्हणाल्या. हार-नारळ नको, फक्त चिखल घट्ट मळून ठेवा असा निरोप आहे.

@गवंडीकाम, दोन गोष्टी सांगा. आमच्याकडची काळी माती चालेल का, का पांढरीच आणू? आणि आदल्या दिवशी बांधून सुकवायची का ओलीच हलवायची? सप्टेंबरात इथं ऊन पडेल याचा भरवसा नाही.

गवंडीकाम_धाराशिव:
पांढरी आणा. काळी वाळली की भेगाळते, मग पाट हलवायच्या आधीच पोरं टाळ्या वाजवतील. दोन दिवस आधी बांधा आणि व्हरांड्यात ठेवा. काड्या तुरीच्या घ्या, सरळ असतात.