प्रति: कंपन्या आपापलं प्लास्टिक बघून घेतील
प्लास्टिक कचऱ्यात सरकारने मध्ये पडायची गरज नाही, कंपन्या बघून घेतील असं वर लिहिलंय, ते अजिबात पटत नाही ओ. प्लास्टिक कचऱ्याच्या 2022 च्या नियमांत कंपनीला रिसायकलरकडून (प्लास्टिकवर पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून) इतकं प्लास्टिक रिसायकल केलं असं सर्टिफिकेट विकत घेऊन आपलं रिसायकलिंगचं टार्गेट पूर्ण करता येतं, आणि केंद्रीय प्रदूषण मंडळाने तपासलं तेव्हा महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटकातल्या चारच रिसायकलरांची मिळून सहा लाखांवर खोटी सर्टिफिकेटं सापडली, म्हणजे मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर हिशोब चोख आणि माल कुठंय कुणाला पत्ता नाही. आपल्या सोलापुरात बघा की, बाटल्यांना भाव आहे म्हणून भंगारवाला लगेच उचलतो, पण वेफर्सच्या पुड्या, ते चकचकीत थरांचं प्लास्टिक, ते कोण उचलतंय? मंडळाच्या लोकांनी न सांगता रिसायकलरच्या कारखान्यात जाऊन लाईटबिल न् मशीनची कपॅसिटी सर्टिफिकेटांशी ताडून बघितलीच पाहिजे.