शेजाऱ्यांचा ताप आणि तक्रार: आपापले अनुभव सांगा (नागपूर)

मानेवाडा, दुसरा मजला
सुरुवात मीच करतो. आठ फ्लॅटची बिल्डिंग, वरती दिवाळीनंतर चार पोट्टे भाड्याने आले. रात्री साडेअकराला गच्चीवर स्पीकर, बाटल्या पार्किंगमधे, जिन्याच्या कोपऱ्यात खर्ऱ्याच्या पन्न्या आणि भिंतीवर पिचकाऱ्या. आधी वर जाऊन नीट बोललो, "हो काका, हो काका" झालं, दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी परत तेच. मालक पुण्याला, फोन उचलत नाही. एका रात्री डोकं फिरलं नि ११२ लावला. गाडी वीस मिनिटांत आली, हे मानलंच पाहिजे. पण शिपायाने सरळ माझीच बेल वाजवली आणि वरचे चौघं जिन्यातून पाहून राहिले असताना मोठ्याने विचारलं, "कंप्लेंट तुमचीच होती ना?" झालं कल्याण. सकाळी पाहतो तं माझ्या गाडीची सीट ब्लेडने फाडलेली. बायको म्हणते, तुम्हाले कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायले. तर तुम्ही लोकांनी काय केलं ते सांगा. कायद्याचं लेक्चर नको, स्वतःवर बेतलेलं सांगा.

नंदनवन
११२ वर बोलतानाच सांगायचं की माझं नाव तिथे घेऊ नका, घरी येऊ नका, काही विचारायचं तर फोनवर विचारा. मी तीनदा सांगितलं, दोनदा ऐकलं, एकदा नाही.

खामला, आई आणि मी
आमचं प्रकरण चौदा महिने चाललं म्हणून जरा लांब लिहिते. समोरच्या फ्लॅटमधला माणूस रात्री पिऊन आला की आमच्या दाराशी उभा राहून शिव्या. कारण काय तं पार्किंग. घरात मी आणि ८१ वर्षांची आई, पुरुष माणूस नाही, हे त्याला पक्कं माहीत. पहिल्यांदा पोलीस स्टेशनला गेले तेव्हा एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतली, कॉपी दिली आणि "ताई, शेजारी आहे, आपसात मिटवा" म्हणून चहा विचारला. मला वाटलं केस झाली. कशाची केस, एनसीमधे मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत हे मला चार महिन्यांनी कळलं, तेही भाचीच्या नवऱ्याकडून!

मग त्याच्याच सांगण्यावरून जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहायला लागले. तारीख, किती वाजता, काय बोलला, कोणी ऐकलं. शिव्या जशाच्या तशा लिहिताना हात थरथरायचा, पण लिहिल्या. दारावर कॅमेरा लावला, फक्त आपल्याच दारापुरता, त्याच्या दाराकडे वळवला असता तं त्याने तेच धरून ठेवलं असतं. मग अर्ज टाईप केला, दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का मारून घेतला. शिक्क्याशिवाय तिथून हलायचं नाही, बाबू "ठेवून जा" म्हणतोच. खाली पाच घरांच्या सह्या. सह्यांनी फरक पडला बाप्पा, तोपर्यंत मी "एकटी बाई कटकट करून राहिली" होती.

त्यावर चॅप्टर केस झाली, म्हणजे शांतता राखायची हमी घ्यायची कारवाई. जुनं कलम १०७, आता नवीन कायद्यात १२६. एसीपी ऑफिसला दोघांना बोलावलं आणि त्याच्याकडून शांतता राखायचा बॉण्ड लिहून घेतला. शिक्षा वगैरे काही नाही, पण मोडला तर पैसे भरायला लागतील म्हटल्यावर गडी थंड पडला.

आणि हो, त्यानेही उलट तक्रार दिली होती, की माझ्या कूलरचं पाणी त्याच्या स्कूटरवर गळते. खरंच गळत होतं. मी दुसऱ्याच दिवशी पाईप लावला.

प्रतापनगर, रूम नंबर ३
काका, मी त्या पोट्ट्यांच्या बाजूने बोलतो. एमपीएससीची तयारी करतो, आम्ही पाच जण. आमच्यावर कॅरम खेळताना पोलीस आणले होते, रात्री पावणेदहाला! लाऊडस्पीकरचा नियम रात्री १० ते सकाळी ६ चा आहे, रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबल, दिवसा ५५. लेक्चर नको म्हणाले तरी देऊनच टाकतो. पण त्या दिवशी पोलिसांनी आम्हाला कमी आणि घरमालकाला जास्त झापलं, कारण भाडेकरूंची माहिती त्याने पोलीस स्टेशनला दिलीच नव्हती. पुण्याला बसलेल्या मालकाने दिली का ते पाहा. सीट फाडणं मात्र चूकच, त्याची वेगळी तक्रार द्या, गच्चीच्या भानगडीत मिसळू नका.

महाल, जुनं घर
सामाईक भिंतीवाल्या शेजाऱ्याने घर पाडलं आणि मलबा रस्त्यावर, आमच्या दारापर्यंत. तीन आठवडे "उद्या उचलतो भाऊ". शेवटी मनपाच्या झोनला कळवलं, उपद्रव शोध पथकाचे लोक आले, बहुतेक रिटायर फौजी असतात, फोटो काढला, दंडाची पावती फाडली, संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर हजर. तक्रार यशस्वी, संबंध खलास. वीस वर्षांपासून महालक्ष्म्यांच्या जेवणाला तिकडे पहिलं पान आमचं असायचं, यंदा आंबील-पुरणाचा वास भिंतीतूनच घेतला. आई अजून मलेच बोलते.

हुडकेश्वर
संक्रांतीच्या आधी बाजूच्या गच्चीवर नायलॉन मांजा. बंदी २०१७ पासून आहे, दरवर्षी गळे कापल्याच्या बातम्या येतात. पोरांच्या बापाला सांगितलं तं म्हणे "लेकरं आहेत, खेळू द्या". चक्रीचा फोटो काढला, पोलीस स्टेशनच्या नंबरवर पाठवला, दुपारी दोघं जण येऊन चक्री घेऊन गेले. आमचं बोलणं आधीही नव्हतं.

धरमपेठ
सोसायटीच्या सेक्रेटरीला का नाही सांगत?

मानेवाडा, दुसरा मजला
सोसायटी कुठची, इकडच्या बहुतेक बिल्डिंगींसारखी आमचीही अपार्टमेंट आहे, सोसायटीच्या नाही तर १९७० च्या अपार्टमेंट कायद्यातली, डीड म्हणजे त्याची कागदपत्रं बिल्डरच्या कपाटात आणि सेक्रेटरी म्हणजे जो पाण्याच्या मोटरचं बिल भरते तो.

तर आतापर्यंतचं सांगतो. खामल्याच्या ताईंसारखा अर्ज केला, सात घरांपैकी पाच सह्या. एक जण म्हणे "मले काऊन घालता त्यात", दुसऱ्याने चष्मा सापडत नाही सांगितलं, तो त्याच्या डोक्यावर होता. अर्जात भाडेकरूंच्या माहितीचा मुद्दा टाकला आणि शिक्का मारलेल्या कॉपीचा फोटो मालकाला पाठवला. सहा महिने फोन न उचलणाऱ्या माणसाचा अर्ध्या तासात स्वतःहून फोन, "अहो भाऊ, आधी सांगायचं ना!"

पोट्टे अजून आहेत. स्पीकर दहाच्या आत बंद होते, पन्न्या मात्र तिथेच पडून राहिल्या. सीट शिवायला साडेचारशे गेले, त्याचा अर्ज उद्या देतो.