थंडर बे शहराने आपली टेलिफोन सेवा विकावी का?

दीपमाळ (चर्चेचा प्रस्ताव):
कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात लेक सुपीरियरच्या काठी वसलेल्या, सुमारे १ लाख ८ हजार लोकवस्तीच्या थंडर बे शहरात टेलिफोन, मोबाइल आणि इंटरनेट पुरवणारी ‘टीबेटेल’ ही संस्था आजही शहराच्याच मालकीची आहे. ती विकून पैसे मोकळे करावेत, हे मत मला मुळीच मान्य नाही.

पोर्ट आर्थर आणि फोर्ट विल्यम ही शेजारची गावे १९७० साली एकत्र येऊन हे शहर झाले. पण सार्वजनिक सेवा स्वतः चालवण्याची त्यांची परंपरा त्याहून खूप जुनी आहे. पोर्ट आर्थरने १८९२ मध्येच विजेची ट्राम स्वतः चालवायला घेतली आणि १९०२ मध्ये दोन्ही गावांनी आपापली टेलिफोन सेवा उभारली. त्या वेळी कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने आपल्या स्थानकांत टेलिफोन बसवण्याचा हक्क करारानेच एकट्या बेल या खासगी टेलिफोन कंपनीला दिला होता, त्यामुळे गावाचा फोन घरी असलेल्या माणसाला स्थानकावर फोन लावून गाडी कधी येणार एवढेही विचारता येत नसे. ही तक्रार गावांनी थेट रेल्वे आयोगापुढे नेली. इतक्या झगड्यातून टिकवलेली मालमत्ता एका अंदाजपत्रकाची सोय म्हणून विकणे मला गैर वाटते.

ताळेबंद:
आपण सांगितलेला इतिहास गौरवाचा आहे, परंतु मालकी टिकवण्याचा निर्णय इतिहासावरून घेता येत नाही. त्याच भागातील केनोरा शहराने २००८ मध्ये आपली टेलिफोन सेवा बेल अलायंट या खासगी कंपनीला विकली आणि ती रक्कम नागरिकांसाठीच्या कायम निधीत गुंतवली. ताम्रतारा काढून फायबर टाका, मग मोबाइलची नवी पिढी आली की मनोरे सुधारा, हा खर्च कधीच संपत नाही. मोबाइल सेवेसाठी टीबेटेललाही रॉजर्स या राष्ट्रीय मोबाइल कंपनीशी भागीदारी करावी लागलीच. राष्ट्रीय कंपनी चुकली तर भागधारक बुडतात. इथे मात्र तोटा करदात्याच्या माथी येईल.

दीपमाळ:
जोखीम आहे, हे मान्य. मात्र संस्थेचा लाभांश शहराच्या तिजोरीत येतो आणि तेवढा बोजा मालमत्ता करावर पडत नाही, हे आपण हिशेबात धरलेले नाही. निधीतून व्याज मिळते, पण कोणत्या वस्तीत आधी फायबर न्यायचे हे ठरवण्याचा अधिकार मिळत नाही. तो एकदा दूरच्या मुख्यालयात गेला की परत येत नाही.

पाणवठा:
मी विक्रीच्या विरोधात आहे, तरीही दीपमाळ यांच्या मांडणीतील एक उणीव मला खटकते. टीबेटेलचे मोबाइल ग्राहक शहराच्या हद्दीबाहेर, उत्तर ऑन्टॅरिओतील लहान वस्त्यांतही आहेत. ते बिल भरतात, पण त्यांना थंडर बेच्या नगर परिषदेसाठी मतदान करता येत नाही आणि करातील सवलतही त्यांच्या वाट्याला येत नाही. सार्वजनिक मालकीचे समर्थन करायचे असेल, तर संचालक मंडळावर या ग्राहकांचा प्रतिनिधी घेण्याची मागणी आपण आधी केली पाहिजे.

ताळेबंद:
या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तसा प्रतिनिधी मंडळावर आला, तर लाभांशाचा किती भाग शहराने घ्यावा आणि किती त्या वस्त्यांतील मनोऱ्यांवर खर्च करावा, हा प्रश्न तो पहिल्याच बैठकीत विचारेल, आणि शहराला त्याचे उत्तर द्यावे लागेल.