मुंबईच्या आधी वडसा

दादा, पोरगी बारावीनंतर ॲक्टिंगसाठी मुंबईला जातो म्हणते अन् तुम्ही एक एकर विकायच्या विचारात आहात. थांबा जरा. आधी तिला गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला न्या, नाटक मंडळ्यांच्या गावाला. दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली, नाटकं सुरू होतात, मंडईच्या जत्रेला नाहीतर शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जोडून, रात्रभर. माझा पोरगा पहिल्या हंगामात नुसता पडदा ओढत होता, दुसऱ्या वर्षी नाटकात हवालदार झाला! थंडीत पहाटेपर्यंत उभं राहणं जमते का, तिचं तिलाच कळेल. परशुराम खुणे याच रंगभूमीचे, २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पदवी मात्र सोडू देऊ नका, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी अन् नाटकांचा अनुभव दोन्ही लागते. अन् ऑडिशनचे पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. आमचे आठ हजार तसेच गेले.