शब्दचर्चा : 'अनअटेंडेड इन्स्टॉलेशन'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील ४० संगणकांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवण्याची कार्यपद्धती मी मराठीत लिहीत आहे. प्रत्येक यंत्रापुढे बसून उत्तरे देत राहण्याऐवजी सर्व यंत्रे लॅनवरून (प्रयोगशाळेच्या स्थानिक नेटवर्कवरून) बूट म्हणजे सुरू होतात आणि कोणी कळफलकाला हातही न लावता प्रणाली बसते. या 'अनअटेंडेड' प्रकाराला 'दुर्लक्षित' किंवा 'बेवारस' म्हणणे मला पटत नाही. 'स्वयंचलित' चालेल का? इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन ठेवणाऱ्या 'प्रीसीड'साठीही शब्द सुचवावा, ही विनंती.

उत्तर

'बेवारस' आपण टाळलात हे योग्यच झाले. रेल्वे स्थानकावरील बेवारस वस्तूला धनी नसतो आणि मानवरहित फाटकावर माणूस नेमलेलाच नसतो. आपल्या कामात मात्र माणूस असतो. तो आपले काम आधी उरकून गेलेला असतो, एवढेच.

'स्वयंचलित' हा शब्द चुकीचा नाही. कोलोन विद्यापीठात १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'फाय' या प्रकल्पाच्या पूर्ण नावातच 'फुली ऑटोमॅटिक' असे शब्द आहेत. तरीही मला तो ढोबळ वाटतो. यंत्र सुरू होताच नेटवर्क कार्डातील पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करण्याची सोय) डीएचसीपी सर्व्हरकडे, म्हणजे यंत्रांना नेटवर्क पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडे, पत्ता मागते, त्याच उत्तरातून त्याला बूट फाइलचे नाव कळते, टीएफटीपी या साध्या फाइल-वहन पद्धतीने ती फाइल आणि मागोमाग कर्नल (प्रणालीचा गाभा) व प्रारंभिक रॅमडिस्क (सुरुवातीला मेमरीत उघडणारी तात्पुरती डिस्क) उतरवली जाते. हे सारे स्वयंचलितच आहे, पण एवढे होऊनही इन्स्टॉलर भाषा, कळफलक, डिस्कची विभागणी आणि पासवर्ड यांविषयी एकामागून एक प्रश्न विचारत थांबू शकतो. ते थांबे नाहीसे करणे हे या पद्धतीचे मर्म आहे आणि शब्दात तेच उतरले पाहिजे.

यासाठी आपल्या एसटीकडे पाहावे. 'विनावाहक' गाडीत वाहक नसतो, पण तिकिटे फलाटावरच दिलेली असतात, म्हणून गाडीत कोणी काही विचारत नाही. त्याच घडणीचा 'विनाप्रश्न स्थापना' हा शब्द मी सुचवतो. 'पूर्वोत्तरित' असाही शब्द माझ्या मनात आला होता, परंतु तो वाचताच पूर्वोत्तर राज्ये आठवतात, म्हणून सोडून दिला. 'प्रतिष्ठापना' गणपतीची होते. संगणकासाठी 'स्थापना' पुरे, आणि बोलताना तर आपण 'लिनक्स टाकला' असेच म्हणतो.

'प्रीसीड' हे डेबियनमधील विशेषनाम आहे, तसेच रेड हॅट घराण्यातील 'किकस्टार्ट' आणि सुसेमधील 'ऑटोयास्ट'. ती नावे बदलू नयेत. या सर्वांसाठी सामान्यनाम म्हणून 'उत्तरतालिका' घ्यावे. उत्तरपत्रिका विद्यार्थी प्रश्न वाचून लिहितो, तर उत्तरतालिका परीक्षकाकडे आधीच तयार असते. 'प्रीसीड'चा अर्थ समजावताना मात्र धूळपेरणीचा दाखला जरूर द्यावा. पाऊस येण्याआधी कोरड्या जमिनीत बी टाकावे, तशी प्रश्न येण्याआधी डेबकॉन्फच्या (डेबियनमधील प्रश्नोत्तरे सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) कोठारात उत्तरे पेरली जातात.

प्रतिसाद

'उत्तरतालिका' मला फार आवडला, पण 'विनाप्रश्न'विषयी शंका आहे. गेल्या खेपेस आमची ३७ यंत्रे सुरळीत पार पडली आणि ३ यंत्रे निळ्या पडद्यावर एकाच प्रश्नापाशी रात्रभर अडून राहिली. त्यांच्या डिस्कवर आधीचे एलव्हीएम (डिस्कच्या लवचीक विभागणीची रचना) होते आणि ते काढून टाकावे का, एवढेच इन्स्टॉलर विचारत होता. मग त्या स्थापनेला 'विनाप्रश्न' कसे म्हणावे?

उत्तर

तिथे शब्द चुकला नाही, तालिकेत एक ओळ कमी होती. 'पार्टमॅन-एलव्हीएम/डिव्हाइस_रिमूव्ह_एलव्हीएम' या किल्लीपुढे (तालिकेतील प्रश्नाच्या नावापुढे) 'ट्रू' म्हणजे 'होय' लिहिले की तो प्रश्न पडद्यावर येतच नाही. धूळपेरणीचा दाखला इथेही लागू पडतो, कारण पेरताना एक ओळ रिकामी राहिली तर तेवढ्यासाठी पुन्हा शेतात उतरावे लागते. विचारायच्या प्रश्नांचे प्राधान्य 'क्रिटिकल' ठेवले तर कमी महत्त्वाचे प्रश्न मूलभूत (डीफॉल्ट, म्हणजे आधीच ठरलेले) उत्तर धरून गाळले जातात; परंतु डिस्क पुसण्यासारख्या प्रश्नांची उत्तरे माणसाने जाणीवपूर्वक लिहावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

यामुळेच मी 'देखरेखीविना' हा पर्यायही स्वीकारणार नाही. ही उत्तरतालिका समोरच्या यंत्राची डिस्क एक शब्दही न विचारता पुसू शकते. बूट मेनूतील मूलभूत पर्याय स्थापनेचा असेल, तर लॅनवरून बूट होणारे भलतेच यंत्र तिच्या तावडीत सापडते, आणि नेटवर्क बूटला पहिला क्रम दिलेले यंत्र स्थापना संपल्यावर पुन्हा स्थापनेलाच लागते. प्रश्न नकोत, देखरेख हवीच. हा भेद कार्यपद्धती वाचणाऱ्या प्रयोगशाळा साहाय्यकाला शब्दातूनच कळला पाहिजे.

आपल्या लेखनात हे वाक्य असे बसवता येईल : "विनाप्रश्न स्थापनेपूर्वी उत्तरतालिका एका यंत्रावर तपासून घ्यावी, बूट मेनूत 'स्वतःच्या डिस्कवरून सुरू व्हा' हाच मूलभूत पर्याय ठेवावा आणि स्थापनेचा पर्याय केवळ नोंदवलेल्या मॅक पत्त्यांच्या (नेटवर्क कार्डांच्या ओळख-क्रमांकांच्या) यंत्रांनाच द्यावा."