एकाच बाटलीला जानेवारीत ८४ आणि मे महिन्यात ७१ गुण : आमच्या वहीला काही अर्थ आहे का?

कृष्णाकाठ (सांगली)

आम्ही सांगलीतील पाच मित्र गेली दोन वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकत्र बसून स्कॉच व्हिस्कीची चव घेतो आणि प्रत्येक बाटलीला शंभरपैकी गुण देतो. (परवाने सर्वांकडे आहेत, पंचविशी सर्वांनी केव्हाच ओलांडली आहे आणि परतताना गाडी कोणीही चालवत नाही, तेव्हा त्या विषयावर चर्चा नको, ही विनंती.) रंगाला १०, सुवासाला ३०, चवीला ३० आणि घोट गिळल्यानंतर रेंगाळणाऱ्या चवीला ३० अशी विभागणी आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवली. पाचही जणांच्या गुणांची सरासरी एका जाड वहीत लिहिली जाते आणि आजवर त्या वहीत चाळीसच्या वर नोंदी झाल्या आहेत.

या वहीवर आमचा एवढा विश्वास होता की, नवी बाटली घेण्यापूर्वी आम्ही तीच उघडून पाहत असू. मे महिन्यात मात्र यजमान मित्राने एक खोडी केली. जानेवारीत आम्ही स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातील एका बारा वर्षांच्या सिंगल माल्टला (एकाच आसवनीत, निव्वळ मोड आणलेल्या जवापासून केलेल्या व्हिस्कीला) ८४ गुण दिले होते. त्याच बाटलीतील उरलेली तिसरा हिस्सा व्हिस्की त्याने कागदात गुंडाळून, नवी बाटली म्हणून आमच्यापुढे ठेवली. सरासरी आली ७१. बाटली कोणीही ओळखली नाही. ज्या मित्राने जानेवारीत 'मध, पिकलेले नाशपती' असे लिहिले होते, त्यानेच या वेळी 'स्पिरिटचा झणका, कडवट लाकूड' असे लिहिले.

त्या दिवशीची व्यवस्था नेहमीसारखीच होती. बैठक तळमजल्यावरच्या खोलीत पंख्याखाली झाली, सोबत लसूण घातलेले भडंग होते, आणि ही बाटली तिसऱ्या क्रमांकावर, लॅफ्रॉइग १० या धुरकट व्हिस्कीनंतर आली. जानेवारीत आम्ही गच्चीवर बसलो होतो, एवढाच काय तो फरक. दोष मोजपट्टीचा, बाटलीचा की आमच्या जिभांचा? शंभराऐवजी दहापैकी गुण द्यावेत, असे एकाचे म्हणणे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अजिंक्यतारा (सातारा)

व्यवस्था नेहमीसारखीच होती असे आपण म्हणता, परंतु आपल्याच लिहिण्यावरून मला चार गोष्टी बदललेल्या दिसतात. माझी नोकरी साखर कारखान्याच्या आसवनीतील प्रयोगशाळेत गेली. आमचा माल मळीपासून होणारा आणि स्कॉच माल्ट जवापासून होणारी, तरी नाक आणि मद्यार्क यांचे वागणे दोन्हीकडे सारखेच असते.

पहिली गोष्ट उष्णतेची. स्कॉच 'खोलीच्या तापमानाला' प्यावी असे जे म्हणतात, ती खोली स्कॉटलंडमधील, म्हणजे अठरा ते वीस अंशांची असते. सांगलीत मे महिन्याच्या संध्याकाळी तळमजल्यावरची खोली सहज तिशी ओलांडते. त्या उष्णतेत ग्लासातून मद्यार्क इतक्या वेगाने उडतो की नाकाला आधी त्याचाच झणका बसतो, आणि मागून येणारे मध-नाशपती जाणवायला नाक जागेवर राहत नाही. शिवाय पंख्याखाली सुवास घेणे म्हणजे वाऱ्यात उदबत्ती लावून वास घरभर पसरण्याची वाट पाहणे होय. जानेवारीची आपली गच्ची यांपैकी पहिल्या बाबतीत तरी फार उजवी होती.

दुसरी गोष्ट क्रमाची. स्कॉटलंडच्या आयला बेटावरील अनेक माल्ट, आपली लॅफ्रॉइगही त्यांतलीच, पीटच्या (दलदलीतून खणून काढलेल्या, वनस्पती कुजून झालेल्या जळणाच्या) धुरावर वाळवलेल्या जवापासून होतात. त्या धुरातील फिनॉल नावाची उग्र वासाची द्रव्ये नाकातोंडात दीर्घकाळ रेंगाळतात आणि त्यांच्यामागून आलेली नाजूक स्पेसाइड माल्ट अक्षरशः झाकली जाते. (आयला हा उच्चार मी मुद्दाम लिहीत आहे. माझ्या एका सहकाऱ्याने लॅफ्रॉइगचा पहिला घोट घेतला तेव्हा त्याच्या तोंडून नेमका तोच शब्द निघाला होता, मात्र त्याला त्या बेटाची काहीही माहिती नव्हती.) धुरकट व्हिस्की नेहमी शेवटी ठेवावी.

तिसरी गोष्ट भडंग. मिरचीतील कॅप्सायसिन जिभेवरील ज्या संवेदकांना चेतवते, त्यांनाच मद्यार्कही चेतवतो, त्यामुळे भडंगानंतर घेतलेला घोट आहे त्यापेक्षा जास्त जहाल लागतो. लसणाबद्दल तर वेगळे सांगण्याची गरज नाही.

चौथी गोष्ट बाटलीतील हवा. दोन तृतीयांश रिकामी बाटली चार महिने राहिली की केळे, सफरचंद, नाशपती यांचे वास देणारी हलकी एस्टरे वरच्या मोकळ्या जागेत येतात आणि प्रत्येक वेळी बूच उघडताना थोडी थोडी निघून जातात. प्राणवायूही आपले काम संथपणे करीत असतो. बाटली खरोखरच थोडी बदललेली असणार, परंतु तेरा गुणांनी बदलली असेल असे मला वाटत नाही.

रंगाचे दहा गुण आजच रद्द करावेत. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांनुसार तिच्यात पाणी आणि साधा कॅरमेल रंग घालण्याची मुभा आहे, म्हणजे ते दहा गुण आपण व्हिस्की ज्यात मुरते त्या लाकडी पिंपाला देत आहात की रंगाच्या डब्याला, हे कळायला मार्ग नाही.

पाण्याबाबत आपण काहीच लिहिले नाही, त्यावरून आपण नुसतीच घेत असावात. स्वीडनमधील लिनियस विद्यापीठातील ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपाच्या आधारे दाखवले की, धुरकट चव देणारा ग्वायाकोल हा रेणू मद्यार्क ४५ टक्क्यांपर्यंत असताना द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो, आणि मद्यार्क ५९ टक्क्यांच्या वर असला की आत दडतो. म्हणजे पाण्याने व्हिस्की बिघडते हा समज सरसकट खरा नाही. निरनिराळ्या व्हिस्की चाखून मिसळणारे व्यावसायिक ब्लेंडर तर निव्वळ वास घेण्यासाठी ती साधारण वीस टक्क्यांपर्यंत पातळ करतात. तीस मिलिलिटर चाळीस टक्क्यांच्या व्हिस्कीत दहा मिलिलिटर पाणी घातले की ती तीस टक्क्यांवर येते. ५८ टक्क्यांची असेल तर तेवढ्यासाठीच सुमारे २८ मिलिलिटर लागते. आधी नुसती, मग पाणी घालून, आणि पाणी प्रत्येकाच्या ग्लासात मोजून, एवढे तरी पाळावे.

राहिला मोजपट्टीचा प्रश्न. शंभराचे दहा केल्याने चूक फक्त दिसेनाशी होईल. त्याऐवजी प्रत्येक बैठकीत एक ठरावीक व्हिस्की पहिल्या ग्लासात ठेवा, तिला कायमचे ७५ गुण द्या, आणि बाकीच्यांना तिच्या वर-खाली मोजा. त्या दिवशी उकाडा असेल किंवा कोणाला सर्दी असेल, तर त्याचा फटका तिलाही तितकाच बसेल.

काळा मनुका (तासगाव)

अजिंक्यतारा काकांशी मी बहुतांशी सहमत आहे. माझा व्यवसाय बेदाण्याचा असल्यामुळे दोन गोष्टी लिहितो.

सौद्यात बेदाणा हातात घेऊन 'याला शंभरपैकी किती?' असे कोणी विचारत नाही. ताटातील नमुना शेजारच्या ताटाशी ताडून पाहिला जातो, दाणा दाबला जातो, रंग आणि ओल पाहिली जाते, आणि मग दर निघतो. माणसाच्या इंद्रियांना तुलना चांगली जमते, नुसता आकडा सांगणे जमत नाही. त्यामुळे ठरावीक व्हिस्की पहिल्या ग्लासात ठेवण्याची कल्पना मला एकदम पटली. अडचण एवढीच की, ती बाटलीसुद्धा महिन्यागणिक रिकामी होत जाणार आणि बदलणार. मग पट्टीच आखडत गेली तर कापड मोजायचे कशाने?

दुसरी गोष्ट शब्दांची. शेरीच्या (स्पेनमधील एका द्राक्षमद्याच्या) पिंपात मुरलेल्या व्हिस्कीबद्दल सगळीकडे 'बेदाणे' असे लिहिलेले असते. कोणते बेदाणे? आमच्याकडील हिरवट-पिवळा बेदाणा सावलीत, शेडमधील जाळ्यांवर वाळतो आणि त्याची चव हलकी, किंचित आंबूस असते. पेद्रो हिमेनेझ ही शेरी ज्या द्राक्षांची करतात, ती स्पेनमध्ये उन्हात पसरून जवळजवळ मनुका होईपर्यंत वाळवतात. त्यामुळे त्या पिंपातील व्हिस्कीला काळ्या मनुकांचा, काकवीकडे झुकणारा दाट गोडवा येतो, आमच्या पिवळ्या बेदाण्याचा नव्हे. आपल्या वहीत परदेशी फळांची नावे उसनी आणण्यापेक्षा जे वास आपण रोज घेतो ते लिहिले, तर चार महिन्यांनी वाचताना काहीतरी आठवेल. पीटच्या काही व्हिस्कींना मी 'गुऱ्हाळाच्या चुलवणाचा धूर' असे लिहितो, काहींना 'टिंक्चर आयोडिन लावलेली जखम' असे. सातारकरांना कंदी पेढ्याच्या भाजलेल्या खव्याचा वास जुन्या शेरी पिंपात हमखास सापडेल.

आणि गंधकाचे सांगायचे राहिले. बेदाण्याला पिवळा रंग राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. शेरीची पिंपे निर्जंतुक ठेवण्यासाठीही आत गंधकाच्या वाती जाळण्याची पद्धत होती, आणि कधीकधी त्याचा अंश, विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा, व्हिस्कीत उतरतो. मला तो ग्लास नाकाशी नेताच कळतो आणि मी निर्दयपणे गुण कापतो. माझ्या शेजारी बसणाऱ्याला तो जाणवतही नाही आणि तो त्याच व्हिस्कीला नव्वद देतो. आमची सरासरी ८० येते, जी आम्हा दोघांपैकी कोणाचेच मत नसते. म्हणून सरासरीसोबत पाचही जणांचे गुण वेगवेगळे लिहावेत, असे मी सुचवीन.

यवतेश्वर

मला हा सगळा खटाटोप अनाठायी वाटतो. मित्रांबरोबरची शनिवारची संध्याकाळ ही प्रयोगशाळा नव्हे. ८४ आणि ८३ यांतला फरक जगातील कोणत्याही जिभेला कळत नाही, आणि जो कळत नाही तो लिहिण्यात शास्त्र कसले? मी एकच प्रश्न विचारतो : स्वतःचे पैसे घालून ही बाटली पुन्हा आणाल का? हो, नाही, किंवा दुसऱ्याने आणली तर. वहीचे एक पान मला दहा वर्षे पुरेल.

अजिंक्यतारा (सातारा)

यवतेश्वर, आपला प्रश्न उत्तम आहे आणि वहीत त्याला रकाना असायलाच हवा; परंतु मे महिन्यात हाच प्रश्न विचारला असता तर त्या पाच जणांनी 'नाही' असे लिहून एका चांगल्या व्हिस्कीला कायमची सोडचिठ्ठी दिली असती. उकाड्याचा परिणाम जसा आकड्यावर होतो, तसाच 'हो-नाही'वरही होतो.

तासगावकरांच्या शंकेला उत्तर सोपे आहे. ठरावीक बाटली उघडली त्याच दिवशी ती शंभर मिलिलिटरच्या स्वच्छ काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवावी. ७५० मिलिलिटरमध्ये सात भरतात आणि उरलेली पन्नास भरणाऱ्याची मजुरी. वर हवा राहत नाही, त्यामुळे महिनोनमहिने फारसा फरक पडत नाही. मात्र त्या अंधारात आणि उभ्या ठेवाव्यात. पाच जणांना वीस-वीस मिलिलिटर, म्हणजे एका बैठकीला एक बाटली.

आणि बाटली खरोखर बदलली की काय, हे पाहायचे असेल तर तीन ग्लासांची परीक्षा घ्या : दोन ग्लासांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, आणि प्रत्येकाने वेगळा ग्लास ओळखायचा. डोळे मिटून निवडले तरी तिघांपैकी एक बरोबर येण्याची शक्यता असते. परंतु पाचांपैकी चौघांनी किंवा पाचांनी ओळखले, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता जेमतेम साडेचार टक्के उरते.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. जूनची बैठक पहिल्या पावसानंतर झाली, पंखा बंद ठेवला, बाटल्या दुपारपासून माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. त्याच स्पेसाइड माल्टची नवी बाटली आणली होती आणि जुनीतील तळाशी उरलेली व्हिस्की होती. आधी तीन ग्लासांची परीक्षा घेतली. पाचांपैकी चौघांनी वेगळा ग्लास ओळखला. न ओळखणारा पाचवा मी, म्हणजे वहीचा रखवालदार; त्यावरून व्हायची ती चेष्टा झाली.

मग दोन्हींना, कोणती कोणती हे न सांगता, गुण दिले. ठरावीक व्हिस्की म्हणून आम्ही जॉनी वॉकर ब्लॅक लेबल निवडली आहे, कारण ती ब्लेंड, म्हणजे अनेक व्हिस्कींचे मिश्रण, असल्यामुळे बाटलीगणिक चव सारखी राखलेली असते आणि ती सांगलीत कधीही मिळते. तिला ७५ धरून नवीन बाटलीला सरासरी ८३ मिळाले आणि जुनीला ७९. म्हणजे मे महिन्यातल्या तेरा गुणांपैकी चारेक गुण बाटलीतील हवेच्या नावावर टाकता येतात, आणि बाकीचे उकाड्याच्या, लॅफ्रॉइगच्या आणि भडंगाच्या. जुनीच्या नोंदीत तिघांनी 'नाशपती कमी, लाकूड जास्त' असे लिहिले, ते काकांच्या एस्टरांशी जुळते.

रंगाचे दहा गुण सुवासाकडे वळवले आहेत. वहीत खोलीचे तापमान, बाटली किती भरलेली होती, कितव्या क्रमांकावर आली आणि पाणी किती घातले, असे चार रकाने वाढले आहेत, आणि यवतेश्वर यांचा प्रश्न पाचवा. आधीच्या चाळीस नोंदी खोडलेल्या नाहीत, परंतु मार्च ते मे या महिन्यांतील नोंदींपुढे पेन्सिलीने फुली मारली आहे. त्या बाटल्या पुन्हा हाती आल्या तर पुन्हा मोजू. एका मित्राने लॅफ्रॉइगला याही वेळी ९३ दिले आणि आम्ही कितीही रकाने वाढवले तरी पुढेही तेवढेच देईन, असे जाहीर केले आहे. त्याचे गुण आता स्वतंत्र लिहितो.

काळा मनुका, पुढील बैठकीसाठी एक शेरी पिंपातील माल्ट काढून ठेवली आहे. आपल्याकडील काळे मनुके आणि पिवळा बेदाणा, दोन्ही अर्धा-अर्धा किलो पाठवावेत, म्हणजे नेमके काय लिहायचे ते ताडून पाहता येईल. भडंग शेवटचा ग्लास धुऊन ठेवल्यावर उघडायचे, असे ठरले आहे.