शिकाऊ थेरपिस्टकडे कमी खर्चात उपचार: कसं जायचं?

प्रश्न: खासगी थेरपी परवडत नाही. प्रशिक्षणार्थींकडून उपचार मिळतात तिथे कसं पोचायचं? शिकाऊ माणसावर भरवसा ठेवावा का?

उत्तर १: ज्या सरकारी रुग्णालयाला मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे, तिथल्या मानसोपचार ओपीडीत सकाळी लवकर केसपेपर काढा. आधी डॉक्टर तपासतात, गरज वाटली तर मानसशास्त्रज्ञाकडे किंवा त्यांच्या हाताखालच्या प्रशिक्षणार्थीकडे पाठवतात. गोळ्या चालू असतील तर जुनी चिठ्ठी न्या. पहिली भेट बहुतेक माहिती घेण्यातच जाते. "नुसतेच प्रश्न विचारले" म्हणून लोक इथेच सोडतात. निदान तीन-चार भेटी तरी द्या.

उत्तर २: भरवशाचं म्हणाल, तर पहिल्याच दिवशी विचारा: तुमचे पर्यवेक्षक कोण, त्यांची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का, माझी केस कुणासमोर मांडली जाईल आणि तुमची पोस्टिंग कधी संपते? हा शेवटचा प्रश्न सहसा राहून जातो आणि नेमकं तिथेच बिनसतं. विद्यार्थी बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून शेवटच्या दोन भेटी नव्या व्यक्तीच्या ओळखीसाठी राखून ठेवायला सांगा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर लेखी संमती आधी. गुप्तता हा २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

उत्तर ३: आत्महत्येचे विचार येत असतील तर प्रतीक्षायादीत थांबूच नका, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.